हूव्हर आणि रूझवेल्ट : मंदीकालीन अर्थनीतीतील सातत्य व भेद

अमेरिकेच्या आर्थिक इतिहासात ४ मार्च १९३३ हा दिवस एका युगाचा अंत व दुसऱ्या युगाचा आरंभ म्हणून दाखविण्याची प्रथा पडून गेली आहे. हर्बर्ट हूव्हर हे निष्क्रियतेचे व फ्रँकलिन रूझवेल्ट हे कर्तृत्वाचे प्रतीक, ही विभागणी पाठ्यपुस्तकांना सोयीची असली तरी त्या काळाचे कागदपत्र तिला पुरती साथ देत नाहीत. दोन्ही राजवटींत पुष्कळ सातत्य आहे, हे वॉल्टर लिपमन यांनी १९३५ सालीच निदर्शनास आणले होते. मात्र सातत्य मान्य केले म्हणजे भेदाचा प्रश्न संपतो असे नव्हे; तो नेमका कोठे शोधावयाचा, एवढेच त्यामुळे बदलते.

१९२९ च्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला, तेव्हा कोषमंत्री अँड्र्यू मेलन यांनी सर्व काही निकालात निघू द्यावे असा सल्ला दिल्याचे हूव्हर यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. (ही साक्ष अर्थातच हितसंबंधी माणसाची आहे.) हूव्हर यांनी तो मानला नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांनी बड्या कारखानदारांना पाचारण करून मजुरी न घटविण्याचे आश्वासन त्यांच्याकडून मिळविले. १९३२ च्या जानेवारीत बँका व रेल्वे कंपन्या यांना कर्जे देण्यासाठी ‘रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन’ हे महामंडळ स्थापन झाले. शांततेच्या काळात अर्थव्यवहारात इतका हस्तक्षेप करणारा अध्यक्ष त्यापूर्वी झाला नव्हता.

तथापि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा प्रकारही याच काळात घडला. हजाराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनी विरोधाचे निवेदन दिले असताही जून १९३० मध्ये हूव्हर यांनी स्मूट-हॉली जकात कायद्यावर सही केली. १९३२ साली अंदाजपत्रकाचा तोल सांभाळण्यासाठी प्राप्तिकराचा कमाल दर २५ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर नेण्यात आला. परंतु खरा घात सुवर्णपरिमाणाच्या निष्ठेने केला. २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडताच अमेरिकेतील सोन्याचा ओघ बाहेर वाहू लागला. तो थोपविण्यासाठी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबरमध्ये आपला व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर चढविला. बुडत्या बँकांना पैशाची सर्वांत अधिक गरज असताना तो महाग झाला. १९२९ ते १९३३ या अवधीत देशातील चलनसाठा सुमारे एकतृतीयांशाने आकुंचित झाल्याचे मिल्टन फ्रीडमन व ॲना श्वार्ट्झ यांनी १९६३ साली दाखवून दिले. १९३३ साली श्रमिकांपैकी सुमारे चतुर्थांश लोक बेकार होते.

साहाय्याच्या बाबतीत हूव्हर यांची दृष्टी विशेष उघड होते. जून १९३२ मध्ये शिकागोच्या एकाच बँकेला महामंडळाने ९ कोटी डॉलर्सचे कर्ज मंजूर केले. त्या बँकेचे प्रमुख चार्ल्स डॉज हे त्याच महिन्यात महामंडळाचे अध्यक्षपद सोडून गेले होते. पुढच्याच महिन्यात देशभरातील बेकारांच्या साहाय्यासाठी राज्यांना मिळावयाची रक्कम ३० कोटी ठरली, आणि तीही कर्जाऊ. केंद्राने भुकेल्यास थेट अन्न दिले तर स्थानिक जबाबदारी व व्यक्तीचे शील खचेल, असे हूव्हर यांना मनापासून वाटत होते. पहिल्या महायुद्धात बेल्जमच्या लक्षावधी लोकांना अन्न पुरविणाऱ्या पुरुषाने ही भूमिका घ्यावी, हे त्यांच्या चरित्रातील कोडेच होय.

रूझवेल्ट सत्तेवर आले ते कोणताही नवा सिद्धान्त घेऊन नव्हे. ऑक्टोबर १९३२ मध्ये पिट्सबर्ग येथे त्यांनी सरकारी खर्चात २५ टक्के कपातीचे अभिवचन दिले होते, आणि २० मार्च १९३३ च्या काटकसरीच्या कायद्याने वेतने व माजी सैनिकांची निवृत्तिवेतने खरोखरच छाटली. ९ मार्चचा आणीबाणीचा बँक कायदा तयार करण्यात हूव्हर यांचे कोषमंत्री ऑग्डेन मिल्स व त्यांचे सहकारी यांचा मोठा वाटा होता. नव्या सरकारचा पहिला विजय जुन्या सरकारच्या खर्ड्यावर उभा होता.

फारकत झाली ती सोन्यावरून. एप्रिल १९३३ मध्ये खाजगी सोने सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला आणि जानेवारी १९३४ मध्ये सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलर्सवरून ३५ डॉलर्स करण्यात आला. हूव्हर यांच्या लेखी सुवर्णपरिमाण हे राष्ट्राने दिलेले वचन होते. रूझवेल्ट यांच्या लेखी ते एक साधन होते, निरुपयोगी ठरताच टाकून देण्याजोगे. चलनवाढीची वाट यामुळेच मोकळी झाली. मे १९३३ मध्ये साहाय्यासाठी ५० कोटी डॉलर्स मंजूर झाले, ते कर्ज म्हणून नव्हे तर अनुदान म्हणून. टेनेसी नदीवरील मसल शोल्स येथील सरकारी वीज-योजना हूव्हर यांनी १९३१ साली नकाराधिकाराने रोखली होती. तिचा विस्तार करून त्याच महिन्यात टेनेसी खोरे प्राधिकरण अस्तित्वात आले.

याउलट, स्पर्धा आवरून किंमती चढविणारा राष्ट्रीय औद्योगिक पुनरुत्थान कायदा हा न्यू डीलचा सर्वांत दुबळा भाग होय. हूव्हर यांनी व्यापारमंत्री असताना व्यापारी संघांना दिलेल्या उत्तेजनाशी त्याचे नाते जवळचे आहे. मे १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, यात अर्थव्यवस्थेचे फारसे काही बिघडले नाही.

तुटीच्या खर्चाचे श्रेय रूझवेल्ट यांस देतानाही बेताने द्यावे लागते. १९३६ साली माजी सैनिकांच्या बोनसामुळे बाजारात मोठी रक्कम आली, पण ते विधेयक काँग्रेसने त्यांचा नकाराधिकार डावलून मंजूर केलेले होते. वित्तीय उपाय फसले ते निष्फळ होते म्हणून नव्हे, तर त्यांचा प्रयोगच झाला नाही म्हणून, हा ई. केरी ब्राउन यांचा १९५६ चा निष्कर्ष येथे लागू पडतो. १९३७ साली तर रूझवेल्ट यांनी खर्च आखडला, फेडरल रिझर्व्हने ऑगस्ट १९३६ ते मे १९३७ या काळात बँकांच्या राखीव निधीचे प्रमाण दुप्पट केले, आणि मंदी परत आली.

१९३८ ची बेकारी स्टॅन्ली लेबरगॉट यांच्या गणनेनुसार १९ टक्के होती. मायकेल डार्बी यांनी १९७६ साली केलेल्या गणनेत ती साडेबारा टक्क्यांवर येते. सरकारी साहाय्य-कामावर रस्ते बांधणारा मजूर लेबरगॉट यांनी बेकारांत धरला आणि डार्बी यांनी कामकऱ्यांत.