पचमढीच्या काळ्या खिडक्या

आमच्या घरी पचमढीचं नाव निघालं की आजोबांचा विषय निघतोच. धाकट्या भावंडांनी त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आजोबा नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होते. मध्यप्रांताची राजधानी नागपूर, पण उन्हाळा लागला की सरकार सातपुड्यात वर पचमढीला जायचं आणि त्यामागोमाग दफ्तरांच्या पेट्या अन् कारकून. आपला गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात, म्हणजे याच प्रांतात. १९५६ साली भंडारा मुंबई राज्यात आला, पचमढी मध्य प्रदेशात राहिली. (गोंदिया जिल्हा तर १९९९ चा!) त्यामुळे आपल्या मुलांना पचमढी परक्या राज्यातली वाटते, याचं मला वाईट वाटतं.

आजोबा सांगत, तिथे साहेबांची दोन देवळं होती, "एकाच देवाची, पण दोन." मला लहानपणी हे कोडंच वाटे. पुढे उलगडा झाला. १८७५ चं क्राइस्ट चर्च प्रोटेस्टंटांचं, आणि १८९२ चं कॅथॉलिकांचं. गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई पुष्कळ असत आणि ते बहुतेक कॅथॉलिक. साहेबाच्या चर्चमध्ये त्यांची प्रार्थना कशी व्हावी? या कॅथॉलिक चर्चची बांधणी फ्रेंच आणि आयरिश धाटणीची मिळून झाली आहे असं म्हणतात. आयरिश धाटणीचं मला तरी नवल वाटलं नाही.

प्रवासी गर्दी करतात ती क्राइस्ट चर्चला. तिथल्या सभागृहाला मध्ये एकही खांब नाही, त्यामुळे पाहणाऱ्याची मान आपोआप वर जाते. कॅथॉलिक चर्चमध्ये मी गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. कॅथॉलिक चर्चची आतली सगळी मांडणी वेदीकडे नेणारी असते. पूर्वी धर्मगुरू लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा म्हणत. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागी लोकभाषा आली आणि बहुतेक ठिकाणी गुरूंनी लोकांकडे तोंड केलं.

पण खरी श्रीमंती खिडक्यांची. काचा बेल्जियमच्या. वितळलेल्या काचेत धातूंची भस्मं घालून रंग आणतात, निळ्यासाठी कोबाल्ट, उंची तांबड्यासाठी चक्क सोनं! मग तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. चेहरे मात्र रंगवून भट्टीत भाजलेले असतात. जबलपूर-इटारसी रेल्वे १८७० मध्येच झाली होती, तेव्हा हा माल पिपरियापर्यंत गाडीने आला असावा. पुढचे पन्नासेक किलोमीटर चढाचे. बैलगाडीवर गवतात गुंडाळलेली काच आणि शेजारून चालणारे गोंड-कोरकू हमाल, एवढं मी मनाशी धरून चालतो.

आजोबा या चर्चला "काळ्या खिडक्यांचं देऊळ" म्हणत. आम्हा पोरांना वाटे, काचा खरंच काळ्या असतील. त्याचं कारण साधं आहे. रंगीत काच उजेड पलीकडून आला तरच पेटते. दिवसा बाहेरून पाहिलं तर ती मळकट, काळसरच दिसते. म्हणजे इतके उन्हाळे तिथे काढून आजोबा एकदाही आत गेले नव्हते! कोणी अडवलं होतं की आपणच बिचकले, हे विचारायला आता कोणी उरलं नाही. आजी म्हणायची, "कचेरीचा माणूस, साहेबाच्या दारात उगाच कशाला जाईल?"

भाच्याने मागितले म्हणून मी फोटो काढले, ते बाहेरूनच. आत काढावेसे वाटले नाहीत. त्यात खिडक्या काळ्याच आल्या आहेत.