कोडाक्रोम आणि तिची प्रयोगशाळा : रंगीत पारदर्शिकेच्या विश्वासार्हतेचा इतिहास (१९३५–२०१०)

प्रस्तावना

छायाचित्रणाच्या इतिहासात कॅमेरा, भिंग आणि छायाचित्रकार यांच्याविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने, फिल्म जेथे धुतली जाते त्या प्रयोगशाळेकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक रंगीत पारदर्शिकेच्या, म्हणजेच रूढ भाषेत स्लाइडच्या बाबतीत चित्राचा निम्मा भाग कॅमेऱ्यात आणि निम्मा प्रयोगशाळेत घडत असतो. विसाव्या शतकातील कला, भूगोल, पुरातत्त्व, वनस्पतिशास्त्र अशा अनेक विषयांचे दृश्य दस्तऐवज पारदर्शिकांच्याच रूपात जतन झालेले आहेत. त्यामुळे विश्वासार्ह प्रयोगशाळा म्हणजे काय, ती कशामुळे टिकते आणि कशामुळे नाहीशी होते, हा प्रश्न हौशी छायाचित्रकाराच्या सोयीपुरता मर्यादित राहत नाही. तो इतिहाससाधनांच्या चिकित्सेचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत निबंधात कोडॅक कंपनीच्या 'कोडाक्रोम' या फिल्मच्या पंचाहत्तर वर्षांच्या वाटचालीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पारदर्शिकेचे वेगळेपण

निगेटिव्ह फिल्म धुताना झालेला किरकोळ दोष कागदावर छपाई करताना पुष्कळ अंशी दुरुस्त करता येतो. पारदर्शिकेला ही दुसरी संधी नसते. कॅमेऱ्यात घातलेली फिल्मच धुऊन, कापून, चौकटीत बसवून पडद्यावर दाखवली जाते. म्हणून प्रयोगशाळेतील चूक ही अंतिम चूक असते.

आज प्रचलित असलेल्या ई-६ प्रक्रियेचे उदाहरण घेता येईल. तीत पहिला डेव्हलपर, रिव्हर्सल द्रावण, रंग-डेव्हलपर, ब्लीचपूर्व द्रावण, ब्लीच, फिक्सर आणि अखेरचे स्थिरीकरण असे टप्पे असतात. पहिल्या डेव्हलपरचे तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस असावे लागते व त्यात अंशाच्या काही दशांशांइतकाच फरक चालतो. या टप्प्याचा कालावधी वा तापमान ढळले, की संपूर्ण चित्र फिकट किंवा काळपट होते. रंग-डेव्हलपरची आम्लता वा अल्कता बदलली, तर चित्रावर हिरवट किंवा जांभळट झाक येते. हे टाळण्यासाठी कारखान्यातच ठरावीक प्रकाश दिलेल्या नियंत्रण-पट्ट्या नियमितपणे धुतल्या जातात, त्यांची घनता उपकरणाने मोजली जाते आणि येणारे आकडे आलेखावर नोंदवले जातात. जेवढी फिल्म धुतली जाईल त्या प्रमाणात ताजे रसायन टाकीत सोडले जाते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. प्रयोगशाळेची विश्वासार्हता केवळ चालकाच्या सचोटीवर वा कौशल्यावर अवलंबून नसते. ती कामाच्या सातत्यावर अवलंबून असते. रोज पुरेसे रोल येत असतील, तर रसायनांचा समतोल राखता येतो. रोल तुरळक येऊ लागले, की टाकीतील द्रावण हवेच्या संपर्काने खराब होते, आणि कितीही दक्ष तंत्रज्ञ असला तरी त्याला आकडे सांभाळणे कठीण जाते.

कोडाक्रोमचा जन्म : फिल्म साधी, धुलाई अवघड

कोडाक्रोमचे जनक लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्हस्की (धाकटे) हे दोघेही व्यावसायिक संगीतकार होते. एक पियानोवादक, तर दुसरा व्हायोलिनवादक. त्यांच्या रंगप्रयोगांकडे कोडॅकच्या संशोधन विभागाचे प्रमुख केनेथ मीस यांचे लक्ष गेले आणि १९३०च्या सुमारास ते रॉचेस्टर येथील प्रयोगशाळेत दाखल झाले. १९३५ साली १६ मिलिमीटर चलच्चित्रणासाठी आणि १९३६ साली ३५ मिलिमीटर स्थिरचित्रणासाठी कोडाक्रोम बाजारात आली. आरंभीच्या चित्रांचे रंग लवकर उडत असत. १९३८ साली सुधारित प्रक्रिया आल्यावर हा दोष दूर झाला.

या फिल्मची रचना लक्षात घेतल्याशिवाय पुढील इतिहास उलगडत नाही. कोडाक्रोमच्या तिन्ही थरांत रंग निर्माण करणारे कपलर नव्हतेच. मूलतः ती कृष्णधवल थरांचीच फिल्म होती; रंग प्रयोगशाळेत, धुलाईच्या वेळी येत. पहिल्या डेव्हलपरनंतर फिल्मला पाठीमागून लाल प्रकाश देऊन निळसर-हिरवा (सायन) रंग, मग समोरून निळा प्रकाश देऊन पिवळा रंग आणि शेवटी उरलेल्या थरात किरमिजी (मॅजेंटा) रंग, असे तीन स्वतंत्र रंग-डेव्हलपर क्रमाने वापरावे लागत. थर पातळ असल्याने चित्राला विलक्षण रेखीवपणा येई आणि अंधारात ठेवलेल्या पारदर्शिकांचे रंग दीर्घकाळ टिकत. मात्र या गुणांची किंमत धुलाईच्या गुंतागुंतीत मोजावी लागे. घरच्या अंधारखोलीत हे काम होण्यासारखे नव्हते.

याच काळात जर्मनीतील ॲग्फा कंपनीने वेगळा मार्ग स्वीकारला. १९३६ सालच्या तिच्या 'ॲग्फाकलर नॉय' या फिल्ममध्ये कपलर थरांतच बसवलेले होते; साहजिकच धुलाई पुष्कळ सोपी झाली. कोडॅकनेही १९४६ साली याच तत्त्वावरची 'एक्टाक्रोम' आणली. अशा रीतीने एकाच कंपनीच्या दोन पारदर्शिका बाजारात नांदू लागल्या. एक्टाक्रोम छायाचित्रकार स्वतः धुऊ शकत असे. कोडाक्रोम प्रयोगशाळेच्या स्वाधीन करावी लागे.

मक्तेदारी आणि १९५४ चा हुकूम

कोडाक्रोमच्या किमतीतच धुलाईचा खर्च समाविष्ट असे. ग्राहक रोल टपालाने कोडॅकच्या प्रयोगशाळेकडे पाठवी आणि चौकटीत बसवलेल्या पारदर्शिका त्याला टपालानेच परत मिळत. सामान्य ग्राहकापुढे प्रयोगशाळा शोधण्याचा प्रश्नच उभा राहत नसे. गुणवत्ता एकसारखी राही, परंतु बाजारात दुसऱ्या कोणाला शिरकाव नव्हता.

अमेरिकी सरकारने ही पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध असल्याचा दावा केला. डिसेंबर १९५४ मध्ये झालेल्या संमती-हुकुमान्वये फिल्मच्या विक्रीशी धुलाईची सक्ती जोडण्यास कोडॅकला अमेरिकेत मनाई झाली आणि इतरांना धुलाईचे तंत्र परवान्याने देणे तिच्यावर बंधनकारक झाले. अमेरिकेबाहेर मात्र धुलाईसह किमतीची पद्धत पुढेही अनेक दशके चालू राहिली. हा हुकूम १९९५ साली वरिष्ठ न्यायालयाच्या निर्णयाने कायमचा संपुष्टात आला.

या हुकुमाचे एक अनपेक्षित फळ पुढे दिसून आले. कॅन्सस राज्यातील पार्सन्स या लहानशा शहरात १९५६ साली सुरू झालेली 'ड्वेन्स फोटो' ही प्रयोगशाळा स्वतंत्र व्यवसाय होती. कंपनीच्या स्वतःच्या कोडाक्रोम प्रयोगशाळा एकेक करून मिटल्यानंतर या फिल्मचा अखेरचा आधार ठरली ती हीच. धुलाई कोडॅकच्याच हाती राहिली असती, तर कोडाक्रोमचा शेवट काही वर्षे आधीच झाला असता, असे अनुमान काढण्यास वाव आहे.

प्रयोगशाळा : इतिहासाची साक्षीदार

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात १९३९ ते १९४४ या काळात शासकीय छायाचित्रकारांनी घेतलेल्या सुमारे १६०० रंगीत पारदर्शिका आहेत. महामंदीनंतरचे ग्रामजीवन आणि युद्धकालीन कारखाने त्यांत आजही स्वच्छ रंगांत दिसतात. याचे श्रेय छायाचित्रकारांइतकेच तत्कालीन धुलाईलाही द्यावे लागते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचे चित्रण अब्राहम झॅप्रूडर यांच्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्यात 'कोडाक्रोम-२' फिल्मवर झाले. ती फिल्म त्याच दिवशी डॅलसमधील कोडॅकच्या प्रयोगशाळेत धुण्यात आली. त्यानंतर दुसऱ्या एका संस्थेत तिच्या तीन प्रती काढून त्याही कोडॅककडेच धुतल्या गेल्या. या प्रत्येक टप्प्यावर संबंधितांची प्रतिज्ञापत्रे घेण्यात आली. साधनाची विश्वसनीयता ठरवताना हस्तलिखिताचा लेखनिक जसा तपासावा लागतो, तशीच येथे प्रयोगशाळा तपासली गेली.

ऱ्हासाची कारणमीमांसा

कोडाक्रोमचा अंत डिजिटल कॅमेऱ्याने केला, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान अपुरे आहे. ऱ्हासाला आरंभ त्यापूर्वीच झाला होता. १९७०च्या दशकात ई-६ प्रक्रिया आली आणि फुजीसह अन्य उत्पादकांनीही तिच्याशी जुळणाऱ्या फिल्म काढल्या. त्यामुळे एकच यंत्र अनेक कंपन्यांच्या फिल्म धुऊ लागले आणि शहरोशहरी काही तासांत पारदर्शिका मिळू लागल्या. १९७४ साली आलेल्या कोडाक्रोम २५ व ६४ यांना मात्र के-१४ ही स्वतंत्र प्रक्रिया लागे आणि ती मोजक्याच ठिकाणी उपलब्ध होती. १९९० साली फुजीची 'वेल्व्हिया' आली, तेव्हा रेखीवपणा आणि रंगांचा भडकपणा यांसाठी टपालाची वाट पाहण्याचे कारण अनेक व्यावसायिकांना उरले नाही.

यातून एक दुष्टचक्र सुरू झाले. रोल घटले, म्हणून प्रयोगशाळा बंद पडल्या. प्रयोगशाळा दुरावल्या, म्हणून विलंब वाढला. विलंब वाढला, म्हणून रोल आणखी घटले. डिजिटल तंत्राने या चक्राला केवळ वेग दिला. कोडाक्रोम २५ चे उत्पादन २००२ साली थांबले. २००६ साली स्वित्झर्लंडमधील लोझानजवळची कोडॅकची प्रयोगशाळा बंद झाली. कालांतराने पार्सन्स येथील प्रयोगशाळा ही जगातील एकमेव कोडाक्रोम प्रयोगशाळा उरली. २२ जून २००९ रोजी कोडॅकने उरलेल्या कोडाक्रोम ६४ चे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. स्थिरचित्रणाच्या फिल्मविक्रीत तिचा वाटा तेव्हा एक टक्क्याहूनही कमी होता.

कारखान्यातून निघालेल्या अखेरच्या रोलपैकी एक स्टीव्ह मॅककरी यांना देण्यात आला. त्यांनी छत्तीस चित्रांचा तो रोल न्यू यॉर्कमध्ये सुरू केला. भारतात मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील कलावंत व राजस्थानातील रबारी लोक यांची चित्रे घेतली आणि २०१० साली तो स्वतः पार्सन्सला नेऊन धुऊन घेतला. मुंबईत टिपलेल्या चित्रांना रंग मिळण्यासाठी कॅन्सस गाठावे लागले, ही बाब विश्वासार्ह प्रयोगशाळा किती दुर्मीळ झाली होती याची द्योतक आहे.

३० डिसेंबर २०१० ही रोल स्वीकारण्याची अखेरची तारीख होती. त्या आठवड्यात लोक दूरदूरहून पार्सन्सला आले. आर्कान्सातील एका रेल्वे कर्मचाऱ्याने जवळपास १५८० रोल धुऊन घेतले व त्यासाठी सुमारे १५,८०० डॉलर मोजले. साचलेले काम जानेवारी २०११ मध्ये संपले आणि के-१४ चे यंत्र थांबले. त्यानंतर जे रोल कपाटांत राहून गेले, त्यांतून आता फार तर कृष्णधवल चित्र निघू शकते; एखाद्या हौशी प्रयोगाचा अपवाद वगळता त्यांचे रंग मिळण्याची सोय उरलेली नाही.

इतिहाससाधन म्हणून पारदर्शिका

आपल्याकडील महाविद्यालयांत स्लाइड प्रोजेक्टर अडगळीत गेले, तरी पारदर्शिकांचे खोके अनेक विभागांच्या कपाटांत अद्याप आहेत. त्यांचे डिजिटलीकरण करताना वरील इतिहासाचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

पहिली गोष्ट म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीवर छापलेला महिना व वर्ष हा बहुधा धुलाईचा असतो, चित्रणाचा नव्हे. रोल कॅमेऱ्यात अनेक महिने राहिलेला असू शकतो. म्हणून त्या तारखेवरून चित्र अमुक तारखेनंतरचे नाही, एवढेच खात्रीने म्हणता येते. दुसरे म्हणजे फिल्मचा प्रकार ओळखणे आवश्यक आहे. कोडाक्रोमची लेपाची बाजू तिरप्या प्रकाशात धरल्यास चित्राचा किंचित उठाव दिसतो. तिसरे, अंधारात ठेवलेल्या जुन्या एक्टाक्रोमचे रंग कोडाक्रोमपेक्षा लवकर उडतात. म्हणून स्कॅनिंगमध्ये त्यांना अग्रक्रम द्यावा. उलट प्रोजेक्टरच्या प्रखर प्रकाशात कोडाक्रोमचे रंग झपाट्याने उडतात. सबब मूळ पारदर्शिका वारंवार दाखवू नये. चौथे, अवरक्त किरणांनी धूळ ओळखणारी स्कॅनरमधील सोय कोडाक्रोमच्या बाबतीत फसते व चित्रातील तपशीलच पुसले जाण्याचा संभव असतो. पाचवे, चौकटीवरील प्रयोगशाळेचे नाव व शिक्का यांचीही नोंद सूचीत करावी; फिकट वा विशिष्ट झाक असलेली चित्रे एकाच धुलाईतील असल्यास तो दोष दृश्याचा नसून प्रयोगशाळेचा आहे, हे त्यावरून उमगते.

निष्कर्ष

कोडाक्रोमच्या इतिहासावरून असे दिसते की, दस्तऐवजाचे आयुष्य केवळ त्याच्या द्रव्यावर अवलंबून नसते. तो वाचनीय करणारी व्यवस्था किती काळ जिवंत राहते यावरही ते ठरते. उत्तम टिकाऊपणा असलेली ही फिल्म तिची प्रयोगशाळा बंद होताच निरुपयोगी झाली. एक्टाक्रोमचे उत्पादन २०१२ साली थांबवण्याचा निर्णय झाला, तरी २०१८ साली ती पुन्हा बाजारात येऊ शकली. कारण अनेक उत्पादकांना समान असलेली ई-६ प्रक्रिया जगात तग धरून होती. कोडाक्रोमला तशी वाट उरली नव्हती. समाईक प्रक्रिया टिकते, एकाच्या हाती राहिलेली प्रक्रिया त्याच्याबरोबर संपते, हा या तुलनेचा अर्थ आहे. आज आपण आपल्या विभागांचे दृश्यसंग्रह ज्या संगणकीय स्वरूपांत साठवत आहोत, ती स्वरूपे निवडतानाही हाच निकष लावणे इष्ट ठरेल.