मुंबई, लाहोर आणि एक निर्णय

नववीच्या वर्गात सआदत हसन मंटो यांची ओळख करून देताना दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो : "सर, मंटो बंबई छोडके गए क्यूँ?" यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने त्याला जोडून दुसरा प्रश्न विचारला : "और सर, अपने लोग क्यूँ नहीं गए?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांत सापडते. दुसऱ्याचे मला चटकन देता आले नाही. त्या अस्वस्थतेतून हा लेख लिहीत आहे.

मंटो 1936 मध्ये मुंबईत आले ते 'मुसव्विर' या फिल्मी साप्ताहिकाचे संपादक म्हणून. मधला दिल्ली रेडिओवरील काळ सोडला तर पुढची सारी वर्षे त्यांनी या शहरात काढली. भायखळ्याच्या क्लेअर रोडवर संसार केला, फिल्मिस्तानसाठी कथा लिहिल्या, 1947 मध्ये अशोक कुमार यांच्याबरोबर बॉम्बे टॉकीजमध्ये काम केले. तरीही जानेवारी 1948 मध्ये ते बोटीने कराचीला आणि तिथून लाहोरला गेले.

का गेले? आपल्याकडे अशा जाण्याला सरसकट 'हिजरत' म्हटले जाते. मंटोंच्या बाबतीत हा शब्द फार मोठा वाटतो. ना त्यांना मुस्लिम लीगचे आकर्षण होते, ना धर्मासाठी घर सोडण्याची ओढ. पत्नी सफिया आणि लहान मुलगी आधीच लाहोरला गेल्या होत्या. स्टुडिओत मुसलमानांना मोठ्या जागा दिल्या म्हणून धमकीची पत्रे येऊ लागली होती. शेवटचा धक्का मात्र शत्रूकडून नव्हे, जिवलग मित्राकडून बसला. नट श्याम आणि मंटो रावळपिंडीहून आलेल्या शीख निर्वासित कुटुंबाची कहाणी ऐकत होते. बाहेर पडल्यावर मंटोंनी विचारले, मीही मुसलमान आहे, मला मारावेसे वाटले का? श्यामने प्रामाणिकपणे सांगितले की आता नाही, पण ऐकत असताना कदाचित मारले असते. पुढे सामान बांधले गेले, तेव्हा मंटोंना बोटीपर्यंत पोहोचवायला हाच श्याम आला होता. ही हकिगत मंटोंनी स्वतः लिहून ठेवली आहे.

त्यांनीच लिहिलेला दुसरा प्रसंग अगदी उलट आहे. दंगलीच्या दिवसांत अशोक कुमार यांची मोटार एका मुस्लिम मोहल्ल्यात शिरली. मंटो मनातून हादरले. आपल्या गाडीतल्या हिंदू मित्राला काही झाले तर? पण लोकांनी 'अशोकभाई'ला ओळखले आणि सुरक्षित वाट दाखवून दिली. एकाच शहरात, एकाच काळात हे दोन्ही प्रसंग घडले. मुंबई सोडण्याचे कारण मंटोंना मिळाले, तसेच राहण्याचेही मिळाले होते. त्यांनी पहिले धरले.

आता उलट दिशेचा प्रवास पाहू. साहिर लुधियानवी लाहोरात 'सवेरा'चे संपादन करीत होते. त्यांच्या लेखनावर तिथल्या सरकारची खप्पामर्जी झाली, अटकेचे वॉरंट निघाले आणि 1949 मध्ये ते लाहोर सोडून दिल्लीला आले. तिथून मुंबई गाठली. 1951 च्या 'बाजी'तील गाण्यांनी ते घराघरांत पोहोचले. लाहोरात वाढलेले राजिंदर सिंग बेदीही निर्वासित होऊन अखेर मुंबईतच आले. 1954 च्या 'मिर्झा ग़ालिब' चित्रपटाची कथा मंटोंची आणि संवाद बेदींचे. मुंबई सोडून लाहोरला गेलेल्या आणि लाहोर सोडून मुंबईला आलेल्या या दोघांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. मंटो 18 जानेवारी 1955 रोजी वयाच्या 42 व्या वर्षी लाहोरात वारले. तिथल्या सात वर्षांत 'ठंडा गोश्त'चा खटला, तंगी आणि दारू यांनी त्यांना पोखरले, आणि त्याच वर्षांत त्यांनी भरभरून लिहिलेही.

म्हणजे साहिर बरोबर आणि मंटो चूक? इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथेच सावध राहायला हवे. पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नव्हते. जानेवारी 1948 मध्ये मुंबईहून कराचीला जाणे म्हणजे बोटीचे तिकीट काढणे होते. गैरसोय वाटली तर परत येऊ, असे अनेकांना वाटत होते. जुलै 1948 मध्ये भारत सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिटची पद्धत लागू केली. 1952 मध्ये पासपोर्ट आला. मागे ठेवलेली घरेदारे निर्वासित मालमत्तेच्या कायद्याखाली गेली. गेलेल्यांनी दार बंद केले नव्हते. ते त्यांच्या मागे बंद झाले.

आणि जे राहिले? इस्मत चुगताईंनी लिहिले आहे की, तिकडे पळून आलेल्यांच्या कोठ्या मिळतील, चला, असा आग्रह मंटो त्यांनाही करीत होते. इस्मत आपांना तो रुचला नाही. त्या मुंबईतच राहिल्या आणि 1991 मध्ये इथेच वारल्या. त्यांच्याच कथेवरून 1973 मध्ये 'गर्म हवा' निघाला. आग्र्याच्या सलीम मिर्झाची ती घालमेल बलराज साहनींनी उभी केली. ते स्वतः रावळपिंडीचे.

पण इस्मत आपा लेखिका होत्या, म्हणून त्यांचे राहणे नोंदले गेले. जाणाऱ्याचे तिकीट असते, परमिट असते, पत्रे असतात. राहणाऱ्याचा कागद कुठेच नसतो. म्हणून इतिहासात जाणाऱ्यांचा निर्णय दिसतो आणि राहणारे जणू जागच्या जागी पडून राहिले असे वाटते. त्यातूनच 'तुम्ही का नाही गेलात?' हा टोमणा जन्मतो, आणि आपली मुले तो प्रश्न म्हणून वर्गात आणतात.

आमच्या घरचेच सांगतो. आजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. कराची बंदर त्यांना मुंबईइतकेच माहितीचे. धाकटा भाऊ तिकडे राहिला, हे आले. लहानपणी मी आजीला कारण विचारले. ती म्हणाली, "तुझ्या पणजीला गुडघ्यांनी चालवत नव्हतं. तिला बोटीवर चढवायचं कोणी? नि तिला टाकून जायचं कसं?" यात ना राष्ट्राचा उल्लेख होता, ना धर्माचा. तरी तो निर्णयच होता. दोन्ही वाटा माहीत असलेल्या माणसाने विचार करून घेतलेला.

त्या मुलीला मी म्हटले, "बेटा, हे पुस्तकात नाही. घरी विचारून ये." दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाने उत्तरे आणली. कोणाच्या पणजोबांनी खोलीची पागडी नुकतीच भरली होती. कोणाकडे बहिणीचे लग्न ठरले होते. कोणाची मिलमधली नोकरी पक्की झाली होती. कोणाच्या घरी कोणालाच काही आठवत नव्हते.

प्रश्न विचारणारी मुलगी सर्वांत शेवटी उठली. म्हणाली, "सर, दादी बोली, जाना कायको? घर इधर था ना."

मी तिला ते वहीत तारीख घालून लिहून ठेवायला सांगितले.