फोटोमागचे कष्ट, फोटोखालचं नाव

बचत गटाचं खातं उघडायचं म्हटलं की बँक आधी पासपोर्ट फोटो मागते. नोकरीच्या अर्जावर फोटो, मतदार कार्डावर फोटो. आज फोटोवाचून बाईचं काम अडतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी मात्र पुष्कळजणींचा उभ्या जन्मात एकही फोटो निघाला नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असंही लोक म्हणत. या दोन काळांच्या मधे फोटोग्राफरचा धंदा उभा राहिला. आज आम्ही त्या धंद्याची गोष्ट सांगणार आहोत, आणि त्यात बाई कुठं होती तेही.

फोटोची कला १८३९ साली फ्रान्समध्ये जगापुढं आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथं शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. म्हणजे फोटो काढणं हे पोट भरायचं काम होऊ लागलं होतं.

याच सुमारास आपल्याकडं आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ ला ती बोरीबंदरहून ठाण्याला पोचली आणि १ मे १८५४ ला कल्याणला. पुढं ठाणे, कल्याण, डोंबिवलीत स्टुडिओ निघाले, तेव्हा त्यांचा कागद, रोल, औषधं असा बराचसा माल मुंबईहून याच गाडीनं यायचा.

पण बाईनं परपुरुषासमोर बसून फोटो कसा काढायचा? पडदा पाळणाऱ्या घरांत हा मोठाच प्रश्न होता. राजा दीनदयाळ या नामवंत फोटोग्राफरांनी १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. बाईचा फोटो बाईनं काढायचा, हा विचार इतका जुना आहे.

आपल्या देशातल्या पहिल्या महिला फोटो-पत्रकार म्हणजे होमाई व्यारावाला. जन्म १९१३ चा, नवसारीचा. त्या मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि कॅमेरा चालवायला शिकल्या माणेकशा यांच्याकडून. पुढं त्यांच्याशीच लग्न झालं. सुरुवातीला होमाईंचे फोटो छापून यायचे, पण खाली नाव माणेकशांचं. कष्ट तिचे, नाव त्याचं! शेतात राबणाऱ्या, पण सातबाऱ्यावर नाव नसणाऱ्या आपल्या बहिणींना हे वेगळं सांगायला नको. होमाई मागं हटल्या नाहीत. दिल्लीत जड कॅमेरा घेऊन सायकलवर हिंडल्या, स्वातंत्र्याचे दिवस टिपले. २०११ साली सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं, तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या.

आता आपल्या भागाकडं येऊ. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ झालं आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटीपासून त्याचं काम सुरू झालं. डोंबिवलीतही कारखाने आले. फोटोग्राफरला नवी गिऱ्हाइकं मिळाली. कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो, नव्या यंत्राचे फोटो, कंपनीच्या माहितीपुस्तकासाठी मालाचे फोटो. साधी पत्र्याची डबी चकाकल्याशिवाय दिसावी म्हणून दिवे इकडंतिकडं सरकवत तास जायचा. शिवाय शाळांचे ग्रुप फोटो, बारशी, सत्कार. पण वर्षाची खरी कमाई लग्नसराईतली.

मुरबाड, शहापूरकडच्या घरांना लग्नाचा बस्ता बांधायला कल्याण जवळचं. फोटोवालाही बऱ्याचदा तिथलाच. लहान कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये ३६ फोटो. रोल महाग, म्हणून प्रत्येक फोटो मोजून काढायचा. अंतरपाट दूर होण्याचा क्षण एकदाच येतो. तो हुकला तर भटजींना परत मंगलाष्टकं म्हणा असं सांगता येत नाही.

लग्न आटोपलं की दुसरं काम सुरू. रोल धुवायचा तो मिट्ट काळोखात, हाताच्या अंदाजानं. मग कागदावर कॉप्या काढायच्या लाल दिव्याखाली. औषधाच्या ट्रेमध्ये कागद बुडवला की चेहरा हळूहळू वर यायचा. पुढं हायपोचं पाणी, मग साधं पाणी, मग दोरीला चिमटे लावून वाळत घालणं. बारीक पेन्सिलीनं निगेटिव्हवरचे डाग झाकायचे. हात औषधात, नाक त्या उग्र वासात. पावसाळ्यात ऑर्डर नाही, तरी दुकानाचं भाडं चुकत नाही. बरेचसे स्टुडिओ घरचेच. तिथं कॉप्या वाळवणं, कडा कापणं, अल्बम चिकटवणं ही कामं घरच्या बायका करायच्या. पाटीवर मात्र त्यांचं नाव नसायचं.

१९९३ साली मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्यायचं ठरलं. कितीतरी बायका पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसल्या त्या या कार्डासाठी. तो फोटो नवऱ्याची बायको म्हणून नव्हता, मतदार म्हणून होता. पुढं डिजिटल कॅमेरे आले, रोल गेला, लाल दिवा विझला. मग मोबाइल आला आणि पुष्कळ स्टुडिओ झेरॉक्स आणि फॉर्म भरण्याच्या कामावर तगले.

मैत्रिणींनो, या इतिहासातून आपण काय घ्यायचं? तीन गोष्टी सांगतो.

एक, कायदा. लग्नाचा किंवा घरचा फोटो आपण पैसे देऊन काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं त्याचा पहिला हक्क आपला. जाहिरातीत वापरायचा तर आपल्याला विचारावं लागतं. ऑर्डर देताना कागदावर काय लिहिलंय ते वाचून मगच सही करा.

दोन, आपला धंदा. गटाचे पापड, मसाले, गोधड्या विकायच्या तर चांगला फोटो लागतोच. खिडकीजवळचा उजेड, मागं साधं कापड, एवढ्यावरही मोबाइलनं नीट फोटो येतो. गटातल्या एखाद्या मुलीला हे काम शिकवा. पण ती फुकट करील असं धरू नका. तिची मजुरी हिशोबाच्या वहीत लिहा.

तीन, जुने फोटो. घरातल्या ट्रंकेत असतील ते काढा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं, दाब न देता, बायकांची नावं लिहा. ‘अमक्याची आई’ नको, तिचं स्वतःचं नाव लिहा. ते सांगणारी म्हातारी माणसं घरात आहेत, तोवरच हे होईल.

फोटोत कोण आहे आणि तो कोणी काढला, दोन्ही नावं जपू या.