मुक्या फोनोचे सुटे भाग



मार्व्याच्या धक्क्यावरून खाडी ओलांडली कीं होडी मनोरीस लागते. या गांवीं आमचें एक जुनें घर आहे, आणि त्या घरांत चावीचा एक ग्रामोफोन आहे. कित्येक वर्षें तो मुका होता. गेल्या पावसाळ्यानंतर त्याला बोलका करावयाचें मनांत घेतलें, आणि त्याचे सुटे भाग शोधतां शोधतां जो इतिहास हातीं लागला, तो आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम नांवाचा घोळ उकलूं. घरचीं वडील माणसें या यंत्रास 'फोनो' म्हणत. पण खरा फोनोग्राफ निराळा. एडिसननें १८७७ सालीं कथिलाच्या पातळ पत्र्यानें मढविलेल्या नळकांड्यावर मनुष्याचा आवाज उमटविला, तो फोनोग्राफ. पुढें १८८७ सालीं एमिल बर्लिनर यानें सपाट तबकडीची युक्ति काढली, तो ग्रामोफोन. योगायोग असा कीं, मनोरीच्या ख्रिस्ती रहिवाशांची ज्या समाजांत गणना होते, त्या समाजाची बाँबे ईस्ट इंडियन असोसिएशन ही संस्थाहि त्याच १८८७ सालीं स्थापन झाली.

कर्ण्यापुढें कान टवकारून बसलेला कुत्रा आपण सर्वांनीं पाहिला आहे. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकारानें तो प्रथम नळकांड्याच्या फोनोग्राफपुढें बसविला होता. १८९९ सालीं ग्रामोफोन कंपनीनें चित्र विकत घेतलें, तें या अटीवर कीं, चित्रांतील यंत्र बदलून द्यावें. बॅरॉडनें जुन्या यंत्रावर रंग चढवून त्याच जागीं ग्रामोफोन काढला. एका यंत्राचा भाग काढून दुसरा बसविण्याचा प्रकार असा थेट बोधचिन्हापासूनच सुरू झाला आहे!

हिंदुस्थानांत या यंत्राचा खरा प्रवेश १९०२ सालीं झाला. फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजान हिचें गाणें त्यानें ध्वनिमुद्रित केलें. त्या तबकड्या छापण्यासाठीं जर्मनींतील हॅनोव्हरला जात व तेथून आगबोटीनें परत येत. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला, तेव्हां कोठें हा हेलपाटा चुकला. तबकडीला लागणारी लाख मात्र मुळांत आपलीच, छोटा नागपूरकडच्या रानांतली. आणि ध्वनिपेटींतल्या पडद्याचें अभ्रकहि जगाच्या बाजारांत बव्हंशीं आपल्याच कोडर्मा-हजारीबागच्या खाणींतून जात असे. यंत्र विलायती खरें, पण त्याचा कंठ अर्धा येथलाच होता.

आतां हें यंत्र मुकें कां होतें तें पाहूं. त्याला विजेची गरज नाहीं; म्हणूनच जेथें वीज नव्हती अशा गांवींहि तें नांदलें. चावी दिली कीं वाटोळ्या डब्यांतली पोलादी कमान आवळली जाते आणि उलगडतांना चक्रें फिरविते. उलगडण्याचा वेग आवरण्यासाठीं गतिनियामक असतो: लवचिक पट्ट्यांवर बसविलेलीं तीन वजनें. वेग वाढला कीं तीं बाहेर फांकतात, चकती सरकते, आणि कातड्याची किंवा बनातीची एक गादी तिला दाबून धरते. त्यामुळें तबकडी मिनिटास ७८ फेरे घेते. सुईचा कंप ध्वनिपेटींतल्या पडद्यास पोंचतो आणि कर्ण्यांतून आवाज उमटतो. एवढीच काय ती सारी विद्या.

समुद्रकांठची खारी हवा पोलादाची वैरीण. आमची कमान गंजून बाहेरच्या टोंकाशीं तुटली होती. डब्यांतलें वंगण डांबराप्रमाणें घट्ट झालें होतें. पडद्याभोंवतींचें रबर वाळून दगड झालें होतें, त्यामुळें आवाज फाटत होता. दैव एवढेंच कीं, ध्वनिपेटीची पाठ पितळेची निघाली. जस्ताच्या मिश्रधातूची असती आणि त्या जस्तांत शिशाचा अंश राहिला असता, तर कालांतरानें ती फुगून तडकली असती. तशा धातूला औषध नाहीं.

मी शोधास निघालों. सुया आजहि नव्या बनतात, तेव्हां त्यांची चिंता नव्हती. कांहीं मापांच्या कमानीहि परदेशांत नव्या होतात. तशी एक मागविली; पण तिची रुंदी डब्यास जुळेना. शेवटीं मुंबईचा चोरबाजार गांठला. मटन स्ट्रीटवर जुन्या ग्रामोफोनांचीं दुकानें पुष्कळांच्या परिचयाचीं आहेत. एका ठिकाणीं आमच्याच जातीचें यंत्र मिळालें. चावी देतांच तें सुरेख फिरूं लागलें. विकणारा म्हणाला, "साहेब, हें घ्या, फोडा, कमान काढून घ्या, उरलेलें मी परत घेईन."

माझा हात खिशाकडे गेला आणि तेथेंच थबकला. चालतें यंत्र मारून मुकें यंत्र बोलवावयाचें, याला दुरुस्ती म्हणावें काय? दिवाणखान्यांत शोभेसाठीं पितळी कर्ण्याचे नवे 'जुने' ग्रामोफोन देशांत हजारोंनीं बनले. त्यांच्या पोटांत घालण्यासाठीं कित्येक साध्या पेट्यांचीं यंत्रें उपसून काढलीं गेलीं. कर्णा चकाकतो, पाटीवर कुत्राहि असतो. पण ती जोडणी कोणत्याच काळची नसते. एक खरी वस्तु गेली व तिच्या जागीं एक खोटी आली, असा तो व्यवहार. मी यंत्र न घेतां परतलों.

मार्ग दाखविला तो घड्याळें दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिरानें. त्यानें तुटलेली कमान निरखून पाहिली आणि म्हटलें, "ही मेलेली नाहीं, आंखूड झाली आहे." गंजलेलें टोंक कापून, तेवढाच भाग तापवून त्यानें मऊ केला, नवें भोंक पाडलें, कमान रॉकेलनें धुऊन ग्रॅफाइटचें वंगण भरलें आणि जपून डब्यांत गुंडाळली. जपून अशासाठीं कीं, हातून सुटलेली कमान बोटें कापते. पडद्याच्या कडेस सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी बसविली. तबकडीखालीं कागदाचा कपटा अडकवून अर्ध्या मिनिटांत ३९ फेरे मोजले, आणि गतिनियामकाचा स्क्रू तेथें थांबविला.

आंखूड कमानीनें आतां एका चावींत दहा इंची तबकडीची एकच बाजू, म्हणजे सुमारें तीन मिनिटें, पुरी होते. पण प्रत्येक बाजूस नवी सुई लावण्याचा शिरस्ता पूर्वींपासून आहेच. त्यासाठीं उठावेंच लागतें, तेव्हां चावीहि द्यावी. यांत तोटा तो काय झाला?

१९९० सालापासून मुंबईंत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था जुन्या तबकड्यांचा अभ्यास जोपासीत आली आहे. अशा संग्राहकांमुळें तबकड्या वांचतात. परंतु तबकडी वाजविणारें यंत्र आणि तें यंत्र जाणणारा हात, हीं दोन्ही वांचलीं तरच तिचा मूळचा आवाज कानीं पडेल. त्या वृद्धाच्या हाताखालीं आज कोणी उमेदवार नाहीं. मला खरा न मिळालेला सुटा भाग तो हाच.

त्या सायंकाळीं मनोरीच्या ओटीवर बालगंधर्वांची तबकडी लावली. खरखर होती, सूर होता. शेजारचीं मुलें जमलीं. त्यांतल्या एकानें चावी मागितली. मीं ती त्याच्या हातीं दिली.