सोलापूर, संशोधन आणि मुस्लिम तरुण

एमए झालेल्या मुलाला सोलापुरातल्या मुस्लिम मोहल्ल्यात सगळे एकच विचारतात, 'नोकरीचं काय झालं?' त्यावर 'पीएचडी करायचीय' असं उत्तर आलं की समोरचा जरा गप्प होतो. हे गप्प होणं मला अडाणीपणाचं वाटत नाही. पाच वर्षं घर कोण चालवणार, हा हिशेब त्यामागं असतो. संशोधनाची जागा म्हणजे काय, ती कशी मिळते, हे आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नाही. त्याला इतिहासही आहे.

या गिरणीगावात दयानंद कॉलेज निघालं ते १९४० साली आणि संगमेश्वर कॉलेज १९५३ साली. पदवी आधी मुंबई विद्यापीठाची, १९४९ नंतर पुण्याची आणि १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. म्हणजे विद्यापीठ कायम दुसऱ्याच्या गावात. मार्गदर्शकाला भेटायचं तर एसटीनं रात्र काढायची. यंत्रमागावर किंवा विडीवर चालणाऱ्या घरातला मुलगा, आणि मुलगी तर सोडाच, हे किती काळ करणार? सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १ ऑगस्ट २००४ रोजी, तेही एकाच जिल्ह्यापुरतं. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं ओळखलं जातं.

तरीही या शहरात संशोधन झालं. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर संगमेश्वर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. 'भारतीय मुसलमानांची मानसिकता आणि सामाजिक संरचना' हे त्यांचं पुस्तक कुठल्या फेलोशिपवर बसून लिहिलेलं नाही. वर्गातले तास, चळवळ आणि संसार सांभाळून त्यांनी वाचन केलं. १९९० साली मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, त्यामागंही ते होते. १७ ऑगस्ट २०१८ रोजी ते गेले. त्यांचं कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो. बेन्नूर सरांच्या हातात निदान कायम नोकरी होती. आज नेट-सेट पास झालेला मुलगा तासिका तत्त्वावर शिकवतो, मानधनाची वाट बघतो, आणि त्यालाच आपण 'सरांसारखं लिही' म्हणून सांगतो.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत मांडला गेला. त्या चर्चेतून आलेल्या योजनांपैकी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २००९-१० पासून सुरू झाली. सहा अल्पसंख्याक समाजांतल्या एमफिल-पीएचडी करणाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत दरमहा पैसे मिळत. रक्कम मोठी नव्हती, पण घरी सांगता येत होतं की पगार सुरू झालाय! डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलं की ही फेलोशिप २०२२-२३ पासून बंद. कारण दिलं की इतर योजनांशी ती जुळते, विद्यार्थ्यांना त्यांचा लाभ आहेच. कागदावर हे बरोबर दिसतं. पण मुस्लिमांतले सगळेच काही ओबीसी नाहीत आणि नेट-जेआरएफची रांग किती लांब आहे, हे त्या रांगेत उभा राहिलेलाच जाणतो.

मग आता वाट कोणती? माझ्याकडं येणाऱ्या मुलांना मी आधी मार्गदर्शकाची रिकामी जागा शोधायला सांगतो. यूजीसीच्या नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. जागा रिकामी नसेल तर प्रवेश परीक्षेतले गुण घेऊन फिरण्यात अर्थ नाही. जून २०२४ पासून नेटच्याच गुणांवर पीएचडीचा प्रवेशही मिळू शकतो, पण ते गुण वर्षभरच चालतात. जेआरएफसाठी वयाची अट तीस वर्षांची, त्यात ओबीसींना आणि मुलींना सवलत आहे. बागवान, तांबोळी अशा ओबीसीत मोडणाऱ्या जातींतल्या मुलांनी महाज्योतीची जाहिरात डोळ्यात तेल घालून बघावी. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर आधीच काढून ठेवावा, जाहिरात आल्यावर तहसीलला पळून उपयोग होत नाही. इतिहासवाल्यांसाठी भारतीय इतिहास संशोधन परिषदेची फेलोशिप वेगळी आहे. राज्यात अल्पसंख्याकांसाठी बार्टी-सारथीच्या धर्तीवर संस्था काढायला मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तिच्यामागं लागणं हे आता आपल्या संघटनांचं काम. जलसे थोडे कमी झाले तरी चालतील.

विषयाची चिंता मात्र सोलापूरकरानं करू नये. १९३० साली या शहरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. कुर्बान हुसेन 'गजनफर' नावाचं पत्र चालवत. चौकातल्या पुतळ्याला हार घालणारे पुष्कळ आहेत. त्या पत्रावर, त्याच्या वाचकांवर आणि त्या काळातल्या मुस्लिम गिरणी कामगारांवर प्रबंध लिहायला तयार असलेला कुणी असेल, तर त्यानं जरूर भेटावं. मार्गदर्शक शोधायला मी सोबत येईन.