विचारणारा समोर होता

इंटरनेटने सामान्य माणसाला पहिल्यांदा बोलते केले, असे आता सर्रास म्हटले जाते. आधी सांगणारे मोजके आणि ऐकणारे अमाप होते. मोबाईल आला आणि ऐकणाराही सांगू लागला, अशी ही मांडणी. अमरावती-अकोल्याचा गेल्या शतकाचा इतिहास पाहिला तर ती अपुरी वाटते. श्रोत्याला बोलायला लावणारे एक साधन या मुलखाने मोबाईलच्या कितीतरी आधी घडवले होते, आणि त्याच्या जोरावर जत्रेतल्या बकऱ्याचा जीव वाचला होता, पोरे शाळेत गेली होती. ते साधन म्हणजे गाडगेबाबांचे कीर्तन. त्या कीर्तनाशेजारी आजचा व्हॉट्सॲप ग्रुप ठेवून पाहिला की लक्षात येते, लोकांचा सहभाग वऱ्हाडाला नवा नाही. सुटली आहे ती बोललेल्या शब्दाचा जाब जागच्या जागी देण्याची रीत, आणि माझ्या मते आजच्या साऱ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे.

देबूजी झिंगराजी जानोरकर २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी, परिटाच्या घरात जन्मले. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे ते वाढले, तिथेच शेतात राबले. लिहिता-वाचता येत नव्हते. १ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडले ते कायमचे. अंगावर चिंध्या, हातात खराटा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, आणि खायचे-प्यायचे भांडे म्हणून एक गाडगे. त्यावरूनच गाडगेबाबा हे नाव पडले. ज्या गावात शिरायचे तिथे आधी रस्ता झाडायला घ्यायचा. दिवसभर झाडून झाले की रात्री त्याच गावापुढे कीर्तनाला उभे राहायचे. बोलण्याचा हक्क असा दिवसा कमावलेला असे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

या कीर्तनाची घडण नीट पाहण्यासारखी आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, बुवा आख्यान लावतात आणि श्रोते तल्लीन होऊन ऐकतात. वारकरी कीर्तनात अभंगाचे निरूपण चालते, टाळकरी साथ देतात. दोन्हींत श्रोता गजरात सूर मिसळतो, पण विषय पुढे नेणे त्याच्या हाती नसते. बाबांनी गोपालाचा गजर तेवढा ठेवला आणि मधली सगळी जागा प्रश्नांना दिली. देव किती, असे ते विचारत. एक, असे लोक म्हणत. मग तुमच्या गावात खंडोबा आहे का? आहे. आता किती झाले? दोन. भैरोबा आहे का, मरीआई आहे का, असे एकेक नाव घेत आकडा वाढत जाई, आणि देव एकच म्हणणारी मंडळी स्वतःच्याच तोंडाने त्याची रांग लावून बसत. खोडून काढायला बाबांना वेगळे काही बोलावेच लागत नसे. लोकांच्या उत्तरांतूनच लोकांचे चुकत गेलेले दिसे. कर्ज काढून सण करू नका, पोराला शाळेत घाला, देवाच्या नावाने जनावर कापू नका, असे सगळे काही याच वाटेने मंडपात येई.

याला सहभाग म्हणायचे का, अशी शंका कोणी घेईल. प्रश्न ठरलेले, उत्तरेही ठरल्यासारखीच. लगाम शेवटी एकाच माणसाच्या हाती. शंका खरी आहे. त्या मंडपात कोणी उठून स्वतःचा विषय काढत नसे. पण उत्तर देणाऱ्याचे ‘होय’ मोठ्याने, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कानावर पडेल असे निघालेले असे. पुढच्या वर्षी तोच माणूस बकरे घेऊन जत्रेला निघाला, तर तेव्हा शेजारी बसलेला त्याला अडवून विचारू शकत असे, काहून बावा, त्या रात्री तर तू काही वेगळंच म्हणत होता. प्रश्न विचारणारा समोर, उत्तर देणारा समोर आणि साक्षीला सगळा गाव. त्या ‘होय’चे वजन या तिहेरी हजेरीतून येई.

छापील वर्तमानपत्राने ही हजेरी वेगळ्या तऱ्हेने टिकवली. एकोणिसाव्या शतकातच अकोल्याहून ‘वऱ्हाड समाचार’ निघत होता. पुढे ब्रिजलाल बियाणींचा ‘मातृभूमि’, अमरावतीचा ‘हिंदुस्थान’, अकोल्याची ‘देशोन्नती’ अशी पत्रे या मातीत उभी राहिली. गावोगावचे वार्ताहर आणि वाचकांची पत्रे यांच्यामुळे तालुक्याचा आवाज त्यांत उमटत राहिला. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचे ठिकाण छापणे सक्तीचे केले. इंग्रजांनी तो कायदा आपल्या सोयीसाठी, संपादकाची मानगूट सापडावी म्हणून केला होता, हे विसरता कामा नये. तरी त्याच ओळीमुळे वाचकालाही ठाऊक असे की या बातमीचा जाब विचारायला कोणाच्या दारात जायचे.

आता मोबाईलच्या बाजूने जे खरे आहे ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. वर्तमानपत्रांची भाषा पुण्या-मुंबईच्या वळणाची राहिली. वऱ्हाडी आली ती उद्धव शेळक्यांच्या ‘धग’सारख्या कादंबरीत किंवा विठ्ठल वाघांच्या कवितेत, म्हणजे लेखकाच्या हाताने. बसमध्ये शेजारच्याशी बोलावी तशी वऱ्हाडी रोज लिहिली जाते आहे ती आत्ताच, मोबाईलच्या पडद्यावर, आणि कोणी प्रमाणभाषेचा लाल पेन घेऊन मागे उभे नाही. दर्यापूरच्या पोराने केलेला वऱ्हाडी व्हिडिओ मुंबईत हसत ऐकला जातो, पण ऐकणारा आता हसतो तो त्यातल्या विनोदाला. बोलीला हसण्याचे दिवस सरत आहेत. कापूस गाडीत भरण्याआधी अकोटच्या बाजारात आज काय भाव निघाला हे शेतकऱ्याला कळते, आणि एकाच व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसण्याची पाळी थोडी तरी टळते. आणखी एक गोष्ट यांहून मोठी. गावच्या पारावर सगळ्यांना सारखे बसता येत नव्हते. जात आडवी येत होती, बाईला तर तिथे बोलण्याची सोयच नव्हती. मोबाईलवर मात्र, नाव न सांगता का होईना, त्यांना बोलता येते आहे. निनावीपण दुबळ्याची ढाल असते, हा आक्षेप माझ्या म्हणण्यावर घेतला तर तो मी नाकारणार नाही.

पण १२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ ला अमरावतीत जे घडले, त्यात ही ढाल दुबळ्यांच्या हाती नव्हती. त्रिपुरातल्या जातीय हिंसाचाराच्या घटनांबद्दल फिरणाऱ्या संदेशांत खरे आणि खोटे एकमेकांत मिसळून गेले होते. शुक्रवारी निषेधाचा मोर्चा निघाला आणि दगडफेक झाली, शनिवारी त्याला उत्तर म्हणून बंद आणि पुन्हा तोडफोड. मग संचारबंदी लागली आणि इंटरनेट तोडले गेले. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दोन गट भिडले आणि एका माणसाचा जीव गेला. अफवा पूर्वीही होत्या, दंगे पूर्वीही झाले, हे म्हणणे रास्तच आहे. फरक एवढाच, की तोंडी अफवा आणणाऱ्याला तोंड असे. तू पाहिलेस का, कोणी सांगितले, असे विचारत दोन-चार घरे मागे जाता येत असे, आणि पुष्कळ अफवा तिथेच विझत. पुढे ढकललेल्या संदेशाला मागे जाण्याची वाट नाही. पाठवणाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, मला आला, मी पाठवला. सरकारला यावर सुचणारा उपाय म्हणजे सगळ्यांचेच इंटरनेट बंद करणे. त्यात खोट्याबरोबर खोट्याचे खंडनही अडकून पडते, आणि संचारबंदीत दवाखान्यात असलेल्या आपल्या माणसाची खबर मिळणेही मुश्कील होते. खोटे पसरवणाऱ्याची सजा सबंध शहराला देण्याचा हा प्रकार मला पटत नाही.

हजेरी आणि हा नवा पडदा एकत्र नांदूच शकत नाहीत, असे मात्र नाही. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनने जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत अमरावती जिल्ह्यातला वरुड होता. संत्र्याचा हा तालुका. बोअर खोल खोल जात पाणी आटलेला. तिथे उन्हाळ्याच्या पहाटे माणसे कुदळ-फावडे घेऊन बाहेर पडली आणि त्यांनी बांध घातले. असे काम ग्रुपवर कळवता येते, पण निव्वळ कळवल्याने निभत नाही. उद्या सकाळी येतो, असे ग्रुपवर लिहिणारा खरोखर आला की नाही, हे दुसऱ्या दिवशी चराच्या काठावर सगळ्यांना दिसते. दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन, ही बाबांची जोडी इथे पुन्हा जुळलेली दिसते.

बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाजवळ निवर्तले. त्याआधी दीडच महिना, ८ नोव्हेंबरला, मुंबईत बांद्र्याला त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले होते, आणि आज ते कोणालाही मोबाईलवर ऐकता येते. आवाज थकलेला आहे, ध्वनिमुद्रणही जुने. पण प्रश्न विचारून झाला की बाबा थांबतात, आणि मंडपातून शेकडो माणसे एकदम उत्तर देतात. ते थांबणे अजून तसेच आहे. शेंडगावच्या वाटेवर बसमध्ये कोणी ते लावले, तर मागच्या बाकावरच्यालाही तो प्रश्न ऐकू जातो.